‘बाय’ की ‘अनटिल’? एका ‘पर्यंत’चे दोन वाटेकरी

‘शुक्रवारपर्यंत’ हा शब्द मराठीत कुठेही निर्धास्त वापरता येतो. फाइल शुक्रवारपर्यंत पाठवा, फाइल शुक्रवारपर्यंत ठेवा. दोन्ही वाक्यं सारखीच सरळ. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण पाठवणं वेगळं आणि ठेवणं वेगळं हे त्याला ठाऊकच असतं. इंग्रजी मात्र इथे अडून बसते. पहिल्या वाक्यात ‘बाय फ्रायडे’च लागतं आणि दुसऱ्यात ‘अनटिल फ्रायडे’च. अदलाबदल केली तर वाक्य कानाला खटकतं, आणि कधी कधी अर्थच उलटा होतो.

‘आय नीड द रूम अनटिल फाइव्ह’ म्हणजे खोली पाच वाजेपर्यंत माझ्याकडे राहू द्या, पाचनंतर तुमची. ‘आय नीड द रूम बाय फाइव्ह’ म्हणजे पाचच्या आत ती मला मिळाली पाहिजे, तिथून पुढे माझी. खोलीचा ताबा एका वाक्यात पाचला संपतो, दुसऱ्यात पाचच्या सुमाराला सुरू होतो. फरक फक्त एका शब्दाचा.

या दोन शब्दांसाठी व्याकरणाच्या पुस्तकात सहसा एका ओळीचा नियम असतो: काम चालू राहत असेल तर ‘अनटिल’, मुदतीच्या आत संपत असेल तर ‘बाय’. नियम बरोबर आहे, पण लिहायला बसल्यावर तो पुरत नाही. नकार आला, मागे पूर्ण वाक्य आलं, किंवा ‘शुक्रवार धरून की सोडून’ असा प्रश्न आला की तो गप्प होतो. म्हणून इथे एकेक पायरी घेऊन जाऊ. ‘टिल’ हा शब्द अर्थाने ‘अनटिल’च आहे, त्यामुळे ‘अनटिल’बद्दल जे म्हटलंय ते त्यालाही लागू.

पायरी १: तारखेकडे बघू नका, क्रियापद बघा

बहुतेकांची नजर आधी तारखेवर जाते. तारखेत उत्तर नसतं. ‘फ्रायडे’ दोन्ही वाक्यांत तोच आहे. उत्तर क्रियापदात आहे.

क्रियापदाला एकच विचारायचं: हे एका क्षणी ‘झालं’ असं म्हणता येतं, की ते चालू राहतं? पाठवणं, परत करणं, पैसे भरणं, पोचणं, सही करणं, निर्णय घेणं, उत्तर देणं ही सगळी ‘झाली’ प्रकारची. यांना ‘बाय’. थांबणं, राहणं, झोपणं, वाट बघणं, सांभाळणं, उघडं असणं ही चालू राहणारी. यांना ‘अनटिल’.

शंका आली तर मराठीतच एक चाचणी करता येते. ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत पाठवा’ अगदी ठीक वाटतं, म्हणजे ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत थांबा’ हे काहीतरीच वाटतं, म्हणजे ‘बाय’ नाही. मग उलट बाजूने ‘येईल तोवर’ घाला: ‘शुक्रवार येईल तोवर थांबा’ जमतं, म्हणजे ‘अनटिल’. ‘शुक्रवार येईल तोवर पाठवा’ म्हटलं तर समोरचा माणूस बिचारा शुक्रवार उजाडेपर्यंत तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवत बसेल. ‘सेंड इट अनटिल फ्रायडे’ वाचणाऱ्या इंग्रजी माणसाला हेच चित्र दिसतं.

इथे एक चकवा आहे. काम किती वेळ चालतं याचा या निवडीशी संबंध नाही. अहवाल लिहायला महिना लागेल, पण ‘फिनिश द रिपोर्ट बाय फ्रायडे’च म्हणायचं, कारण ‘फिनिश’ होण्याचा क्षण एकच असतो. उलट दोन मिनिटांसाठी थांबायचं असेल तरी ‘वेट अनटिल द लाइट टर्न्स ग्रीन’. लांबी मोजू नका, शेवट कसा होतो ते बघा.

पायरी २: दोन्ही घरी जेवणारी क्रियापदं ओळखा

काही क्रियापदं दोन्ही शब्द घेतात आणि प्रत्येक वेळी अर्थ बदलतात. खरी गफलत इथे होते, कारण वाक्य चुकलेलं दिसतच नाही. ते फक्त दुसरंच काहीतरी सांगत असतं.

‘बी’ हे त्यातलं सगळ्यात खोडकर. कोणी निरोप ठेवला, ‘आय विल बी देअर बाय सिक्स’. याचा अर्थ सहाच्या आत मी तिथे हजर होईन. तुम्ही सव्वासहाला गेलात तर भेट होईल. तोच निरोप ‘आय विल बी देअर अनटिल सिक्स’ असा असेल तर मी सहापर्यंतच तिथे आहे; सव्वासहाला गेलात तर दाराला कुलूप.

‘हॅव’चंही तसंच. ‘यू कॅन हॅव द कार अनटिल संडे’ म्हणजे रविवारपर्यंत गाडी वापर, मग परत दे. ‘यू कॅन हॅव द कार बाय संडे’ म्हणजे रविवारच्या आत गाडी तुला मिळेल. ‘रीड’मध्ये फरक सौम्य आहे: ‘रीड धिस बाय मंडे’ म्हणजे सोमवारच्या आत वाचून संपव, ‘आय रेड अनटिल मिडनाइट’ म्हणजे मध्यरात्रीपर्यंत वाचत होतो, पुस्तक संपलं की नाही देव जाणे.

एकच वस्तुस्थिती दोन्ही बाजूंनी सांगता येते, हेही लक्षात ठेवण्यासारखं. लिफ्ट बंद आहे. ‘द लिफ्ट विल बी रिपेअर्ड बाय फ्रायडे’ आणि ‘द लिफ्ट विल बी आउट ऑफ ऑर्डर अनटिल फ्रायडे’ या दोन्ही पाट्या बरोबर आहेत. पहिली दुरुस्तीचा क्षण सांगते, दुसरी बंद राहण्याचा काळ. चुकीची पाटी तिसरी: ‘द लिफ्ट विल बी रिपेअर्ड अनटिल फ्रायडे’.

याच पायरीवर अर्जांचा प्रश्न येतो. ‘अर्ज ३० जूनपर्यंत करावेत’ याचं इंग्रजी काय? अर्ज करणं ही एका क्षणाची गोष्ट, म्हणून ‘अप्लाय बाय ३० जून’. मग ‘यू कॅन अप्लाय अनटिल ३० जून’ हे वाक्य ठिकठिकाणी दिसतं ते चूक का? नाही, तेही बरोबर आहे. ‘कॅन’ आल्यावर वाक्य अर्जाबद्दल राहत नाही, अर्ज करायची मुभा किती काळ आहे याबद्दल होतं. खिडकी उघडी राहते, आणि उघडं राहणं चालू राहणारं आहे. म्हणून ‘यू मस्ट अप्लाय बाय’ आणि ‘यू कॅन अप्लाय अनटिल’. ‘ॲप्लिकेशन्स विल बी ॲक्सेप्टेड अनटिल’ हेही त्याच घरातलं. माझ्या मते ज्याला ‘मस्ट’ आणि ‘कॅन’मधला हा फरक कळला, त्याला बाकीचं फार शिकवावं लागत नाही.

पायरी ३: नकार आला की वेग कमी करा

इथे थोडं जास्त थांबू, कारण मराठी माणसाची सगळ्यात मोठी चूक याच वळणावर होते.

ही दोन वाक्यं बघा. ‘ही डिडन्ट कम बाय टेन.’ ‘ही डिडन्ट कम अनटिल टेन.’ पहिल्याचा अर्थ, दहाचा ठोका पडला तेव्हा तो आलेला नव्हता. नंतर आला की आलाच नाही, वाक्य सांगत नाही. दुसऱ्याचा अर्थ, तो आला, पण दहाला. म्हणजे पहिल्यात दहा वाजता खुर्ची रिकामी आहे आणि दुसऱ्यात भरलेली.

दुसऱ्या वाक्याला ‘पर्यंत’ लावून मराठी केलं तर ते लुळं पडतं. तिथे आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘शिवाय’. ‘द ऑफिस डझन्ट ओपन अनटिल टेन’ म्हणजे ऑफिस दहाशिवाय उघडत नाही. ‘शी वोन्ट साइन अनटिल शी हॅज रेड एव्हरी पेज’ म्हणजे प्रत्येक पान वाचल्याशिवाय ती सही करणार नाही. मनात ‘शिवाय’ आला की ‘नॉट … अनटिल’ बिनधास्त लिहा.

पण उघडणं तर एका क्षणाचं काम, मग ‘अनटिल’ कसं चाललं? पहिल्या पायरीचा नियम मोडला नाही का? नाही. उघडणं क्षणाचं आहे. न उघडणं मात्र चालू राहतं. दार सकाळभर न उघडलेलं असतं आणि दहाला ते न उघडलेपण संपतं. नकार लावला की क्षणाच्या क्रियापदाचीही लांबी तयार होते, आणि लांबी आली की ‘अनटिल’ बसतो.

आता ती मोठी चूक. मराठीत आपण म्हणतो, ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब.’ यातला ‘नाही’ आपल्या कानाला इतका सवयीचा आहे की तो इंग्रजीत जसाच्या तसा उतरतो: ‘वेट अनटिल ही डझन्ट कम.’ इंग्रजीत याचा अर्थ, तो न येण्याची घटना घडेपर्यंत थांब. ही आज्ञा पाळायची कशी, हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘अनटिल’च्या पोटात तो ‘नाही’ आधीच आहे, दुसरा घालायचा नाही. ‘वेट अनटिल ही कम्स.’

उपाय सोपा आहे. इंग्रजीकडे जाण्याआधी मराठी वाक्यच आखूड करा. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत’ याऐवजी मनात ‘तो येईपर्यंत’ म्हणा. ‘जोपर्यंत पैसे मिळत नाहीत तोपर्यंत’ याऐवजी ‘पैसे मिळेपर्यंत’. नकार आपोआप गळतो आणि इंग्रजी सरळ येतं.

याच जोडीला ‘अनलेस’ भटकत येतो. ‘आय वोन्ट टॉक टू हिम अनटिल ही अपॉलोजाइझेस’ यात माफी आज ना उद्या येईल असं गृहीत आहे, प्रश्न फक्त कधीचा. ‘अनलेस ही अपॉलोजाइझेस’ यात माफी येईलच असं नाही. ती अट आहे, वेळ नाही.

‘नॉट अनटिल’ वाक्याच्या सुरुवातीलाही येतो. तिथे मराठीचा ‘तेव्हा कुठे’ अगदी चपखल बसतो. ‘इट वॉज नॉट अनटिल ही लेफ्ट दॅट आय अंडरस्टुड’: तो गेला, तेव्हा कुठे मला कळलं. वाक्य ‘नॉट अनटिल’नेच सुरू केलं तर पुढे प्रश्नासारखी उलटापालट करावी लागते: ‘नॉट अनटिल ही लेफ्ट डिड आय अंडरस्टँड’. औपचारिक लेखनात ही रचना शोभते, रोजच्या मेलमध्ये जरा नाटकी वाटते.

तिन्ही रूपं एकाच घटनेवर लावून बघू. ब्रिटनमध्ये १९१८ साली काही अटींवर तीस वर्षांवरच्या स्त्रियांना मत देता येऊ लागलं, आणि पुरुषांच्या बरोबरीने, एकविसाव्या वर्षापासून मताधिकार मिळाला तो १९२८ साली. आता ‘अनटिल १९२८’ म्हटलं की त्याआधीची असमान स्थिती डोळ्यांसमोर येते: ‘अनटिल १९२८, विमेन कुड नॉट व्होट ऑन इक्वल टर्म्स.’ ‘नॉट अनटिल १९२८’ म्हटलं की उशिराबद्दलची नाराजी ऐकू येते: ‘इट वॉज नॉट अनटिल १९२८ दॅट विमेन गॉट इक्वल व्होटिंग राइट्स.’ आणि ‘बाय’ घेतलं तर आपण त्या वर्षाच्या अखेरीला उभे राहून मागे बघतो: ‘बाय द एंड ऑफ १९२८, विमेन हॅड वन इक्वल व्होटिंग राइट्स.’ साल एक, सूर तीन.

पायरी ४: मागे पूर्ण वाक्य असेल तर ‘बाय द टाइम’

‘अनटिल’ नामाआधीही चालतो आणि पूर्ण वाक्याआधीही: ‘अनटिल फ्रायडे’, ‘अनटिल ही कम्स’. ‘बाय’ला ते जमत नाही. ‘बाय ही कम्स’ असं इंग्रजी नाहीच. वाक्य जोडायचं तर मध्ये ‘द टाइम’ घालावं लागतं.

आता मराठीची गंमत. ‘मी पोचेपर्यंत गाडी सुटली होती.’ ‘मी पोचेपर्यंत त्यांनी गाडी थांबवून धरली.’ दोन्हींत ‘पोचेपर्यंत’ तेच, अक्षराचाही फरक नाही. इंग्रजीत पहिलं ‘बाय द टाइम आय गॉट देअर, द बस हॅड लेफ्ट’ आणि दुसरं ‘दे हेल्ड द बस अनटिल आय गॉट देअर’. सुटणं झालं, म्हणून ‘बाय द टाइम’. धरून ठेवणं चालू होतं, म्हणून ‘अनटिल’. पहिल्या पायरीचाच नियम, फक्त आता तो दुसऱ्या अर्ध्या वाक्यातल्या क्रियापदाला लावायचा. ‘टिल आय रीच्ड, द बस हॅड लेफ्ट’ हे आपल्याकडच्या इंग्रजीत सर्रास ऐकू येतं. ते सोडून द्या.

काळाच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या करा. एक, भविष्याबद्दल बोलत असलात तरी ‘अनटिल’ आणि ‘बाय द टाइम’च्या लगेच मागच्या वाक्यात ‘विल’ येत नाही. ‘अनटिल ही विल कम’ चूक, ‘अनटिल ही कम्स’ बरोबर. दोन, ‘बाय’ला ‘झालेलं असेल’ आणि ‘झालेलं होतं’ हे काळ आवडतात. ‘बाय जून, आय विल हॅव फिनिश्ड द कोर्स.’ ‘बाय जून, आय हॅड फिनिश्ड द कोर्स.’ मराठीत मनात ‘झालेलं असेल’ किंवा ‘झालेलं होतं’ आलं, तर बहुतेक वेळा ‘बाय’च हवा असतो.

पायरी ५: मागे घड्याळातला क्षण आहे की नुसती मुदत?

हे पटकन. दोन्ही शब्दांना मागे क्षण लागतो: पाच वाजता, शुक्रवार, ३० जून, तो आला ती वेळ. ‘दोन दिवस’ हा क्षण नाही, ती लांबी आहे. म्हणून ‘बाय टू डेज’ चूक. ‘दोन दिवसांच्या आत’ यासाठी ‘विदिन टू डेज’. ‘अनटिल टू डेज’ही चूक, ‘दोन दिवस थांब’ म्हणजे ‘वेट फॉर टू डेज’.

‘विदिन’ आणि ‘इन’ यांतही फरक आहे. ‘विदिन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांच्या आत कधीही, ‘इन टू डेज’ म्हणजे साधारण दोन दिवसांनी.

मराठीचा ‘पर्यंत’ जागेला आणि आकड्यालाही लागतो. तिथे इंग्रजीत हे दोन्ही शब्द बाजूला ठेवा. पुलापर्यंत चाल: ‘वॉक ॲज फार ॲज द ब्रिज’. दहा माणसांपर्यंत: ‘अप टू टेन पीपल’. हा ‘अप टू’ दोन सुटे शब्द म्हणून लिहायचा असतो. तो जोडून लिहायची आपल्याकडे भारी हौस आहे.

पायरी ६: शुक्रवार धरून की सोडून?

‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार येतो. शुक्रवारी दिलंत तर वेळेत दिलं. ‘बिफोर फ्रायडे’मध्ये शुक्रवार येत नाही, गुरुवारी काम हातावेगळं व्हायला हवं. इतकं सरळ आहे. तरी ‘बाय फ्रायडे’ लिहिणाऱ्याच्या मनात शुक्रवारची सकाळ असते आणि वाचणाऱ्याच्या मनात शुक्रवारची रात्र, हा अनुभव नोकरी करणाऱ्या कुणालाही नवा नाही. तास लिहा. ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’ लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. वाचणारे वेगवेगळ्या देशांत असतील तर कुठल्या देशाचे पाच, तेही लिहा.

मध्यरात्र मात्र टाळा. ‘बाय मिडनाइट ऑन फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार सुरू होतो ती मध्यरात्र की संपतो ती? दोन्ही वाचता येतात. म्हणून मुदत देणारे जाणते लोक ११:५९ लिहितात. आंतरराष्ट्रीय परिषदांच्या निबंधांसाठी तर ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ नावाची मुदतीची पद्धत रूढ आहे. पृथ्वीवर कुठेही शुक्रवार शिल्लक असेल तोवर मुदत संपत नाही. ती ग्रीनिच वेळेच्या बारा तास मागे धरली जाते, त्यामुळे तिथले शुक्रवार रात्रीचे ११:५९ वाजतात तेव्हा ग्रीनिचला शनिवारी दुपारचे बारा वाजायला एक मिनिट उरलेलं असतं.

‘अनटिल’चं दुखणं याहून मोठं. ‘द शॉप इज ओपन अनटिल फ्रायडे’ वाचून बहुतेक जण शुक्रवारी जातील. ‘द शॉप इज क्लोज्ड अनटिल फ्रायडे’ वाचूनही बहुतेक जण शुक्रवारीच जातील. म्हणजे पहिल्यात शुक्रवार मोजला, दुसऱ्यात मोजला नाही. शब्द तोच असून हिशेब फिरला. रजेच्या मेलमध्ये हे नेहमी अंगावर येतं: ‘आय ॲम ऑन लीव्ह अनटिल मंडे’ म्हणणारा सोमवारी कामावर असतो की घरी? बरेच लोक तो सोमवारी येईल असं धरतील, काही मंगळवार धरतील, आणि दोघांनाही दोष देता येणार नाही.

इथे व्याकरणाशी भांडत बसू नये, वाक्य बदलावं. ‘बॅक ऑन मंडे’ लिहिलं की वाद संपला. करारात किंवा सूचनेत ‘अप टू अँड इन्क्लुडिंग फ्रायडे’ लिहा. लांबलचक आहे, पण पळवाट ठेवत नाही. अमेरिकेत यासाठी ‘थ्रू’ वापरतात: ‘मंडे थ्रू फ्रायडे’मध्ये शुक्रवार नक्की आला. ब्रिटिश वाचकाला तो जरा परका वाटतो.

पायरी ७: तयार जोड्या पाठ करा

काही जोड्या तर्काने काढत बसण्यापेक्षा सरळ पाठ कराव्यात.

‘बाय नाऊ’ला मराठीत ‘एव्हाना’ आहे. ‘ही मस्ट हॅव लँडेड बाय नाऊ’: एव्हाना तो उतरला असेल. असा हुकमी शब्द हाताशी असताना ‘आतापर्यंत’च्या मागे जाऊन ‘टिल नाऊ’ला बोलवायचं कारण नाही.

‘अनटिल नाऊ’ म्हणजेही ‘आतापर्यंत’च, पण त्यात एक चोरटा अर्थ आहे: आता ते बदललं. ‘आय हॅव नेव्हर मेट हिम अनटिल नाऊ’ म्हणणारा त्याला आत्ता भेटला आहे. ‘टिल नाऊ आय हॅव रेड थ्री चॅप्टर्स’ ऐकून इंग्रजी माणूस पुढच्या वाक्याची वाट बघतो: मग आता काय झालं, पुस्तक फेकून दिलंस का? काम चालूच असेल तर ‘सो फार’ म्हणा. ‘आय हॅव रेड थ्री चॅप्टर्स सो फार.’ आपल्याकडचा लाडका ‘टिल डेट’ बाहेरच्या वाचकासाठी ‘टू डेट’ करावा.

‘बाय देन’ आणि ‘अनटिल देन’ हे दोन्ही मराठीत ‘तोवर’. ‘तोवर अंधार पडला होता’ यात ‘बाय देन’, ‘तोवर गप्प बस’ यात ‘अनटिल देन’. पुन्हा तीच चाचणी.

पाकिटांवर दोन्ही शब्द भेटतात. ‘व्हॅलिड अनटिल’, कारण वैधता चालू राहते. ‘यूज बाय’, कारण त्या दिवसाच्या आत वापरून संपवायचं. ब्रिटनमध्ये ‘यूज बाय’ ही तारीख सुरक्षिततेची असते, ती उलटली की पदार्थ खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ दर्जाची असते, ती उलटली तर चव किंवा कुरकुरीतपणा कमी होतो इतकंच.

स्पेलिंगबद्दल एक. ‘टिल’मध्ये शेवटी दोन एल, ‘अनटिल’मध्ये एक. यावरून ‘टिल’ हा ‘अनटिल’चा संक्षेप आहे असं वाटतं आणि लोक त्याच्या डोक्यावर ॲपॉस्ट्रॉफी चढवून एक एल कापतात. प्रत्यक्षात ‘टिल’च जुना, ‘अनटिल’ नंतरचा. ‘अनटिल’मधल्या ‘अन’चा मूळ अर्थही ‘पर्यंत’च, म्हणजे शब्द मुळात ‘पर्यंतपर्यंत’ असा आहे. औपचारिक मजकुरात ‘अनटिल’ जरा जास्त शोभतो, वाक्याच्या सुरुवातीला तर नक्कीच. एरवी दोघांत निवड कानाची.

हा गोंधळ आपल्या एकट्याचा नाही. हिंदीचा ‘तक’ आपल्यासारखाच दोन्ही कामं करतो. जर्मन भाषेतला ‘बिस’ही तसाच, त्यामुळे जर्मन माणसंही इंग्रजीत याच ठिकाणी अडखळतात. जपानी मात्र दोन्ही वेगळे ठेवते, तेही किती थोडक्यात: ‘मादे’ म्हणजे अनटिल, त्याला नुसता ‘नी’ जोडला की ‘मादे नी’ म्हणजे बाय.

पायरी ८: एक मेल घेऊन दुरुस्त करा

आता सगळं एकत्र. असा मेल आला आहे असं समजा:

‘आय विल बी ऑन लीव्ह बाय थर्सडे. टिल आय कम बॅक, द ड्राफ्ट शुड बी रेडी. प्लीज सेंड युअर कमेंट्स अनटिल ट्यूजडे. डू नॉट शेअर द फाइल अनटिल द क्लायंट डझन्ट अप्रूव्ह इट. टिल नाऊ वी हॅव रिसीव्ह्ड टू रिप्लाइज.’

पहिल्या वाक्यात रजेवर असणं चालू राहणारं आहे, तेव्हा ‘अनटिल थर्सडे’. पण गुरुवार रजेत आहे की नाही ते अजून कळत नाही, म्हणून परतीचा दिवस जोडायचा. जसं आहे तसं ठेवलं तर अर्थ होतो की गुरुवारच्या आत माझी रजा सुरू झालेली असेल, म्हणजे नेमकं उलटं.

दुसऱ्यात मसुदा तयार होणं ही ‘झाली’ प्रकारची गोष्ट आणि मागे पूर्ण वाक्य, म्हणून ‘बाय द टाइम’. तिसऱ्यात पाठवणं, तेही आदेशाच्या सुरात. ‘बाय’ आणि सोबत तास. ‘यू कॅन सेंड कमेंट्स’ असं लिहायचं असतं तर ‘अनटिल’ राहू देता आला असता. चौथ्यात ‘डझन्ट’ काढून टाकायचा, बाकी वाक्य ठीक. पाचव्यात उत्तरं अजून येतच आहेत, म्हणून ‘सो फार’.

दुरुस्त मेल असा:

‘आय विल बी ऑन लीव्ह अनटिल थर्सडे अँड बॅक ऑन फ्रायडे. द ड्राफ्ट शुड बी रेडी बाय द टाइम आय कम बॅक. प्लीज सेंड युअर कमेंट्स बाय फाइव्ह पीएम ऑन ट्यूजडे. डू नॉट शेअर द फाइल अनटिल द क्लायंट अप्रूव्ह्ज इट. वी हॅव रिसीव्ह्ड टू रिप्लाइज सो फार.’